तुटलेला कृमी पुन्हा पूर्ण होतो का? पाण्याच्या क्षारतेलाही विचारा!

विद्यार्थी मित्रांनो, दहावीच्या विज्ञानात आपण पुनर्जनन शिकतो. प्लॅनेरियाचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यापासून नवा प्लॅनेरिया तयार होतो, ही आकृती सगळ्यांच्या लक्षात असते. परीक्षेत ती हमखास येते म्हणून आपण ती काढायलाही शिकतो. पण त्या आकृतीत एक गोष्ट दाखवलेली नसते, ती म्हणजे प्राण्याच्या भोवतीचं पाणी. ते पाणी किती खारं आहे, किती थंड आहे, यावर पुनर्जनन अवलंबून असतं का?

आजच्या पाठात हाच प्रश्न आपण समुद्रातल्या एका परक्या कृमीच्या आधारे समजून घेणार आहोत. जीवशास्त्रातलं पुनर्जनन, भूगोलातली सागरजलाची क्षारता आणि पर्यावरणातल्या परकी आक्रमक प्रजाती, असे तीन विषय इथे एकत्र येतात. बारावीनंतर जीवशास्त्राकडे जाणाऱ्यांनी हा पाठ जरा सावकाश वाचावा.

१. आपला आजचा प्राणी : मारेन्झेलेरिया

मारेन्झेलेरिया हा वलयी प्राणीसंघातला, म्हणजे गांडुळाच्या संघातला, पण समुद्रात राहणारा कृमी. अंगाने बारीक, दोऱ्यासारखा, लांबी साधारण बोटभर. शरीर शंभराहून जास्त खंडांचं बनलेलं असू शकतं. प्रत्येक खंडाच्या बाजूला परापाद आणि दृढरोम असतात. तोंडाजवळ दोन लांब स्पर्शिका असतात. चिखलात उभं बीळ करायचं, डोकं वरच्या बाजूला ठेवायचं आणि स्पर्शिकांनी चिखलावर साचलेले अन्नकण वेचून खायचे, असा याचा दिनक्रम.

याच्या दोन प्रजाती, मारेन्झेलेरिया विरिडिस आणि मारेन्झेलेरिया नेग्लेक्टा, मूळच्या उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या. तिसरी, मारेन्झेलेरिया आर्क्टिया, आर्क्टिक भागातली. १९८५ मध्ये जर्मनीच्या किनाऱ्यालगत बाल्टिक समुद्रात हा कृमी पहिल्यांदा सापडला. १९९० पर्यंत तो फिनलंडच्या किनाऱ्यावर पोचला होता. आज तिन्ही प्रजाती बाल्टिकमध्ये आहेत, आणि कित्येक ठिकाणी तळाच्या चिखलात सर्वाधिक संख्येने आढळणाऱ्या प्राण्यांत यांची गणना होते.

एवढा लांबचा प्रवास त्याने कसा केला? जहाजांमधून. माल नसताना जहाज स्थिर राहावं म्हणून टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरतात. त्याला बॅलास्ट पाणी म्हणतात. या पाण्यातून कृमींच्या डोळ्यांनी न दिसणाऱ्या अळ्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातात.

२. बाल्टिक समुद्र : क्षारतेची उतरंड

भूगोलात आपण शिकलो की महासागराच्या पाण्याची सरासरी क्षारता दर हजारी ३५ असते, म्हणजे १ किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. बाल्टिक मात्र निमखारा समुद्र आहे. त्याला भरपूर नद्या येऊन मिळतात, थंड हवेमुळे बाष्पीभवन कमी होतं, आणि डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांमधून बाहेरचं खारं पाणी बेताबेतानेच आत येतं. त्यामुळे जसजसे आत जावे तसतशी पृष्ठभागाची क्षारता कमी होत जाते. अंदाजे आकडे असे :

• कॅटेगॅट (समुद्राचे दार) : १५ ते २५
• मध्य बाल्टिक : ६ ते ८
• बॉथनियन समुद्र : ५ ते ६
• बॉथनियन उपसागर (अगदी उत्तर टोक) : २ ते ४

म्हणजे निसर्गाने क्षारतेची एक लांबलचक प्रयोगशाळाच मांडून ठेवली आहे. आपल्याकडे असा फरक जागेपेक्षा ऋतूनुसार जास्त दिसतो. गोव्यातल्या मांडवी आणि जुवारी नद्यांच्या मुखाजवळ मे महिन्यात पाणी जवळपास समुद्राइतकं खारं असतं, आणि जुलैत मुसळधार पावसाने वरचा थर गोडा होतो. बाल्टिकमधल्या कृमीला जो ताण जागा बदलल्यावर जाणवतो, तो आपल्या खाडीतल्या प्राण्यांना घरबसल्या दरवर्षी सोसावा लागतो.

३. शरीर तुटतं कसं आणि परत येतं कसं?

प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ कृमी कापतात हे खरं, पण समुद्रात कृमी तुटतो तो बहुधा मासे, खेकडे, कोळंबी यांच्यामुळे. आख्खा कृमी बिळातून ओढून काढणं अवघड, मग जे टोक बाहेर दिसेल त्याचा लचका तोडायचा. नेदरलँड्सच्या उथळ वाडेन समुद्रात चपटे मासे लगवर्म नावाच्या कृमीच्या शेपटीचे तुकडे खातात, कारण विष्ठा टाकायला तो शेपटी वर आणतो. मारेन्झेलेरियाच्या कुळात मात्र वर असतं ते डोकं आणि स्पर्शिका. म्हणजे धोका सर्वात नाजूक भागालाच!

वलयी कृमींमध्ये पुनर्जननाचे टप्पे साधारण असे असतात :

(अ) जखम बंद होणे. तुटलेल्या टोकाचे स्नायू आवळले जातात, त्वचेच्या पेशी सरकून जखम झाकतात. खंडांमध्ये पडदे असल्यामुळे सगळ्या शरीरातला द्रव एकदम वाहून जात नाही.

(ब) ब्लास्टेमा तयार होणे. जखमेच्या जागी वेगाने विभाजन होणाऱ्या पेशींचा लहानसा उंचवटा तयार होतो. यालाच ब्लास्टेमा म्हणतात.

(क) टोक घडणे. मागचं टोक असेल तर गुदद्वाराचा भाग, पुढचं असेल तर तोंड, मेंदू, स्पर्शिका घडतात.

(ड) खंड भरून काढणे. मागच्या टोकाच्या किंचित अलीकडे वाढीचा पट्टा असतो. तिथून एकेक नवा खंड तयार होत जातो.

प्लॅटिनेरीस या समुद्री कृमीवर याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. त्यात शेपटी कापल्यापासून सुमारे पाच दिवसांत वाढीचा पट्टा पुन्हा तयार होतो आणि मग खंड वाढायला लागतात.

सगळ्यांना सगळं जमतं असं मात्र नाही. प्लॅटिनेरीसच्या कुळातले कृमी शेपटी परत आणतात, पण डोकं आणू शकत नाहीत. शिवाय त्यांच्या मेंदूतून येणारं संप्रेरक मिळालं नाही तर शेपटीचे खंडही नीट वाढत नाहीत. लगवर्म तर शेपटीचे नवे खंड तयारच करत नाही, उरलेले खंड लांबवून भागवतो. मारेन्झेलेरिया विरिडिस मात्र डोक्याकडचा भागही पुन्हा घडवू शकतो. 'गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात' असं आपण लहानपणापासून ऐकतो. तेही चूक आहे. डोक्याकडचा तुकडा वाचला तर शेपटी वाढू शकते, मागचा तुकडा बहुतेक वेळा मरतो.

इथे एक फरक लिहून ठेवा : पुनर्जनन म्हणजे प्रजनन नव्हे. मारेन्झेलेरिया लैंगिक पद्धतीने प्रजनन करतो, अंडी व शुक्रपेशी पाण्यात सोडतो. त्याच्यासाठी पुनर्जनन ही संख्या वाढवण्याची युक्ती नाही, आपला जीव वाचवण्याची आहे.

४. क्षारता कमी झाली की शरीरात काय होतं?

परासरण आठवा. निमपार्य पटलातून पाणी कमी संहतीच्या द्रावणाकडून जास्त संहतीच्या द्रावणाकडे जातं. कृमीची त्वचा पातळ आणि ओलसर असते. बाहेरचं पाणी पातळ झालं की पाणी अंगात शिरतं आणि अंगातले क्षार बाहेर झिरपतात. शरीर फुगतं.

यावर कृमीकडे दोन उपाय असतात.

पहिला उपाय पेशींच्या पातळीवर. पेशींमध्ये ग्लायसीन, ॲलानीन, प्रोलीन अशी मुक्त अमिनो आम्लं साठवलेली असतात. पेशीतला दाब सांभाळण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. बाहेरचं पाणी गोडं व्हायला लागलं की पेशी ही अमिनो आम्लं कमी करते, म्हणजे बाहेर टाकते किंवा मोडते. त्यामुळे पेशीत शिरणारं पाणी कमी होतं आणि ती फुटण्यापासून वाचते.

दुसरा उपाय संपूर्ण शरीराच्या पातळीवर. वृक्ककांवाटे जादा पाणी बाहेर टाकायचं आणि सोडियमसारखे आयन पाण्यातून ओढून घ्यायचे. आयन ओढणारे पंप एटीपीवर, म्हणजे पेशीच्या ऊर्जेवर चालतात. बाल्टिकचा मूळ रहिवासी असलेला हेडिस्टे डायव्हर्सिकलर हा कृमी असंच करतो. पाणी खूप पातळ झालं की तो आपलं अंगद्रव्य बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त खारं ठेवतो.

गळक्या होडीत बसून पाणी उपसत राहण्यासारखं आहे हे. होडी बुडत नाही, पण हात थांबवता येत नाहीत.

५. दोन खर्च, पाकीट एकच

आता या पाठातला मुख्य मुद्दा.

पुनर्जननाला काय लागतं? ऊर्जा लागते, कारण पेशी विभाजन महाग असतं. प्रथिनं लागतात, आणि प्रथिनं बनतात अमिनो आम्लांपासून. कमी क्षारतेत टिकायला काय लागतं? ऊर्जा लागते, कारण पंप सतत चालवावे लागतात. आणि अमिनो आम्लं? ती तर पेशीला सोडून द्यावी लागतात. म्हणजे ज्या तिजोरीतून जखमेची दुरुस्ती करायची, तीच तिजोरी क्षारतेचा ताण रिकामी करत असतो.

त्यात जखमेचा वेगळा त्रास. त्वचा हा कृमीचा बाहेरच्या पाण्याविरुद्धचा बांध आहे. बांध फुटलेला असताना बाहेर पातळ पाणी असेल तर ते आत घुसायला मोकळी वाट मिळते. खाऱ्या पाण्यात हा प्रश्न तितका मोठा नसतो, कारण आतलं आणि बाहेरचं पाणी जवळपास सारखंच असतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं : कोणतं टोक तुटलं? शेपटी तुटलेल्या कृमीचं तोंड शाबूत असतं. तो खातो, कमावतो आणि त्यातून दोन्ही खर्च भागवतो. डोकं तुटलेल्या कृमीला नवं तोंड येईपर्यंत खाताच येत नाही. उत्पन्न बंद, आणि खर्च मात्र दोन! साठवलेल्या अन्नावरच त्याला डोकं घडवायचं आहे आणि पंपही चालवायचे आहेत. म्हणून क्षारतेच्या ताणाचा फटका शेपटीपेक्षा डोक्याच्या पुनर्जननाला जास्त बसेल, अशी अपेक्षा ठेवून प्रयोग आखता येतो. विज्ञानात याला गृहीतक म्हणतात. ते खरं आहे असं मानायचं नसतं, तपासायचं असतं.

६. हे तपासायचं कसं?

समजा, तुम्ही संशोधक आहात. प्रयोग कसा मांडाल? पुढचे मुद्दे बघा.

• क्षारतेच्या पायऱ्या ठरवा : उदाहरणार्थ दर हजारी ५, १०, २० आणि ३०.
• प्रत्येक क्षारतेत कापलेले आणि न कापलेले, असे दोन्ही गट ठेवा. न कापलेले कृमीही मरत असतील तर दोष जखमेचा नाही, पाण्याचा आहे. हा नियंत्रण गट नसेल तर निष्कर्षच काढता येणार नाही.
• तापमान, चिखल आणि अन्न सगळीकडे सारखं ठेवा. तापमान बदललं की पुनर्जननाचा वेग बदलतो, मग फरक क्षारतेमुळे पडला की उष्णतेमुळे, हे कळणार नाही.
• क्षारता हळूहळू बदलायची की एकदम, हे आधी ठरवा. दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत. हळूहळू बदल म्हणजे नवीन ठिकाणी स्थिरावलेला कृमी. एकदम बदल म्हणजे पावसाचा लोंढा किंवा जहाजाच्या टाकीतून झालेली सुटका.
• प्रत्येक क्षारतेसाठी एकच मोठी टाकी ठेवू नका. छोट्या छोट्या अनेक टाक्या ठेवा. एका टाकीत काही बिघडलं तर सगळी आकडेवारी वाया जाते, आणि एका टाकीतले वीस कृमी हे वीस स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत.
• सगळे कृमी सारख्याच खंडाजवळ कापा. पाचवा खंड आणि पन्नासावा खंड इथे केलेल्या जखमा सारख्या नसतात.

मोजायचं काय? नुसतं 'जगला की मेला' एवढं पुरेसं नाही. जखम किती दिवसांत बंद झाली, ब्लास्टेमा कधी दिसला, दर आठवड्याला किती नवे खंड आले, स्पर्शिका आल्या का, आणि कृमी पुन्हा बीळ करून खायला लागला का, हे सगळं नोंदवायचं. दोन कृमी महिनाभर जिवंत राहिले, पण एकाला वीस खंड आले आणि दुसऱ्याला दोनच, तर दोघांची स्थिती सारखी म्हणता येईल का?

७. एका प्राण्याच्या तीन सीमारेषा

परकी प्रजाती कुठपर्यंत पसरेल हे सांगताना अनेकदा एकच आकडा दिला जातो : इतक्या क्षारतेपर्यंत ती जगते. मारेन्झेलेरियाचं उदाहरण दाखवतं की एक आकडा पुरत नाही.

पहिली सीमा जगण्याची. प्रौढ मारेन्झेलेरिया जवळपास गोड्या पाण्यातही तग धरू शकतो.

दुसरी सीमा वाढीची. त्याच्या सुरुवातीच्या अळ्यांना मात्र सुमारे ५ किंवा त्याहून जास्त क्षारता लागते. अळी थोडी मोठी झाली की ती आणखी पातळ पाण्यात चालवून घेते. म्हणजे जिथे आई-बाप आरामात राहतात तिथे पिल्लं वाढतीलच असं नाही. अशा ठिकाणची वस्ती बाहेरून येणाऱ्या अळ्यांवर चालते.

तिसरी सीमा बरं होण्याची. जिथे तुटलेला कृमी वेळेत पूर्ण होतो ती सीमा पहिल्या दोन्हींपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून ती स्वतंत्रपणे मोजावी लागते. मासे भरपूर असलेल्या पाण्यात लचके रोजच तुटतात. तिथे बरं होण्याचा वेग मंदावला तर कृमी कमी खातो, कमी अंडी घालतो आणि दुसऱ्या लचक्याला सहज बळी पडतो. एकही कृमी थेट खारटपणाने मेला नाही, तरी वस्ती विरळ होऊ शकते. नकाशावर 'इथे जगतो' असं रंगवलेल्या भागात प्रत्यक्षात चित्र बरंच वेगळं असू शकतं.

८. याचा उपयोग काय?

परक्या कृमींना आवर घालायचा तर हे गणित कळायला हवं. भूमध्य समुद्रातला पंख्यासारखा दिसणारा सबेला स्पलान्झानी हा कृमी ऑस्ट्रेलियात पसरला आणि २००८ मध्ये न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरात सापडला. हा लांब नळीत राहतो आणि बोटी, खांब, शिंपल्यांच्या शेतीचे दोर यांना चिकटतो. पाणबुडे तो हाताने उपटून काढतात. पण याची पुनर्जननाची ताकद मोठी आहे. घाईने ओढला आणि तुकडे पाण्यातच पडले तर काम पूर्ण झालं असं म्हणता येत नाही. म्हणून नळीसकट आख्खा काढायचा आणि पाण्याबाहेर न्यायचा.

बोटीचे किंवा शेतीचे सामान गोड्या पाण्यात बुडवून ठेवणे हा दुसरा उपाय. तो क्षारतेच्या ताणावरच आधारलेला आहे. पण वेळ महत्त्वाची. नळीत आक्रसून बसलेला कृमी थोडा वेळ सहज काढतो. म्हणजे 'पाच मिनिटं धुतलं की झालं' असं नाही.

बॅलास्ट पाण्याच्या बाबतीतही हेच तत्त्व वापरलं गेलं. बंदरातलं निमखारं पाणी खोल समुद्रात सोडून तिथलं खारं पाणी भरायचं, म्हणजे बंदरातले जीव खाऱ्या पाण्यात आणि खोल समुद्रातले जीव पुढच्या बंदरात टिकणार नाहीत, अशी कल्पना. मात्र मारेन्झेलेरियासारखे जीव क्षारतेचा मोठा पल्ला पेलतात. त्यांच्यासाठी हा अडसर अपुरा पडतो. बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार आता केवळ पाणी बदलण्याऐवजी जहाजावरच पाण्यावर प्रक्रिया करण्याकडे वळावं लागलं. आपल्याकडे गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत बॅलास्ट पाणी आणि जहाजांवर चिकटणारे जीव यांवर संशोधन होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. परका म्हणजे सर्वस्वी वाईट, असा सोपा निकाल इथे लागत नाही. मारेन्झेलेरिया मूळ प्राण्यांपेक्षा खोल बिळं करतो, त्यामुळे चिखलात ऑक्सिजन खोलवर जातो. त्यातून तळातला फॉस्फरस चिखलातच बांधला जाऊन बाल्टिकच्या प्राणवायूविरहित भागांना काही प्रमाणात मदत होऊ शकते, असं २०१२ मध्ये संशोधकांनी मांडलं. म्हणून आधी नीट मोजायचं आणि मग मत बनवायचं.

९. वर्गात करून बघा

जिवंत कृमी किंवा गांडूळ कापायचं नाही. त्याची गरजही नाही. बटाट्याच्या सारख्या वजनाच्या नऊ चकत्या घ्या. तीन भांडी घ्या : एकात साधं पाणी, दुसऱ्यात १ लीटर पाण्यात ७ ग्रॅम मीठ (मध्य बाल्टिक), तिसऱ्यात १ लीटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ (महासागर). प्रत्येकात तीन चकत्या दोन तास ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. साध्या पाण्यातल्या चकत्या कडक होऊन वजन वाढेल, महासागराच्या पाण्यातल्या लुळ्या पडून वजन घटेल. मग मुलांना विचारा : बटाटा पाण्याला विरोध करू शकत नाही. कृमी करतो. त्या विरोधाची किंमत तो कशातून देतो?

थोडक्यात

• पुनर्जनन ही ताकद प्राण्याची असली तरी तिचा वेग पाणी ठरवतं.
• कमी क्षारतेत ऊर्जा आणि अमिनो आम्लं शरीर सांभाळण्यात खर्च होतात, दुरुस्तीला कमी उरतात.
• डोकं तुटलेल्या कृमीला खाता येत नाही, म्हणून त्याचा हिशोब जास्त कठीण.
• जगणं, पिल्लं वाढणं आणि बरं होणं या तीन वेगळ्या सीमा आहेत.

स्वाध्याय

१. पुनर्जनन आणि अलैंगिक प्रजनन यांतला फरक मारेन्झेलेरियाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. बाल्टिक समुद्राची क्षारता कमी असण्याची तीन कारणे लिहा.
३. कारण द्या : वरील प्रयोगात न कापलेल्या कृमींचा गट ठेवणे आवश्यक आहे.
४. एका खाडीत परका कृमी जिवंत सापडतो, पण अळ्या कधीच सापडत नाहीत. याची कोणती कारणे असू शकतील? ती तपासण्यासाठी काय मोजाल?
५. विचार करा : पावसाळ्यात पाणी गोडे होणाऱ्या खाडीत परक्या कृमींचा शोध कोणत्या महिन्यात घ्याल, आणि का?

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. कारण पटेल असं लिहिलं, की पूर्ण गुण!